मुठीला प्रश्न नाही

१२ जानेवारी

ही वही मला बक्षीस मिळाली आहे. वर्षभरात सगळ्यात जास्त शनिवार श्रमदानाला आलेल्या माणसाला आमच्या बोटीचं मंडळ दर नाताळात काहीतरी देतं. मागच्या खेपेला लोकरी मोजे दिले होते, ते निदान पायात घालता आले. रोजनिशी लिहिणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं मी ओस्ताला म्हटलं. ओस्ता माझी बायको. पन्नास वर्षं माझी कुरकुर ऐकतेय, त्यामुळे तिला आता काही लागत नाही. "मग तूच लिही की," ती म्हणाली. "तुझ्याइतका रिकामा अख्ख्या हेल्लेवोगमध्ये दुसरा कोण आहे?"

तर लिहितो. नाव सिगुर्ड, वय सत्त्याहत्तर, 'लोमवी' या वाफेच्या बोटीवर तेलवाला, म्हणजे इंजिनाचं तेल बघणारा. बोट माझ्याहून म्हातारी आहे. बांधली देवमासे मारायला. युद्धात तिच्यावर तोफ बसवली आणि स्कॉटलंडच्या बाजूनं पाणबुड्यांच्या मागे धाडली. युद्ध संपल्यावर तिला हेरिंग मासे आणि मीठ वाहायला लावली. मी सतराव्या वर्षी तिच्यावर चढलो तेव्हा ती मिठाची होती, आमच्या जेवणातसुद्धा. पुढे ती खाडीत गंजत पडली आणि आम्ही चार खुळ्यांनी तिला भंगारातून ओढून आणली. आता आम्ही तिला म्युझियम म्हणतो, पण ती चालते. धक्क्याला कायमच्या बांधलेल्या, आत टोप्या घातलेले पुतळे बसवलेल्या बोटी मी पाहिल्यात. त्यापेक्षा भंगार बरं.

दर वर्षी आठ मेला, युद्ध संपून देश मोकळा झाला त्या मुक्तिदिनाला, आम्ही पाहुणे आणि बँड घेऊन बाहेरच्या खडकांपर्यंत जातो. तिथे युद्धात लोमवीची जोडीदार बोट पाणसुरुंगावर आदळून बुडाली होती. तिथे पुष्पचक्र सोडायचं आणि परत यायचं. बाकीचं वर्ष त्या एका दिवसासाठी.

१९ जानेवारी

श्रमदान. इंजिनघरात एवढी थंडी की लोखंडाला हात लावला तर हात तिथेच राहील. मधल्या सिलिंडरचे नट आवळत होतो. नवे नट फार गुळगुळीत आहेत, तीनदा हातातून सुटले, तिसरा तर सापडलाच नाही. मी हालवारला चांगलं झापलं. हालवार आमचा चीफ इंजिनियर, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि स्वस्तातलं सामान घ्यायची त्याला खोड आहे.

"नट तेच आहेत रे, मागच्या वर्षीचेच," तो म्हणाला.

"मग मागच्या वर्षीही भिकारच होते."

घरी आल्यावर ओस्तानं माझे बूट झटकले तर नट त्यातून खाली पडला. दिवसभर मी बुटात नट घेऊन हिंडलो! खूप हसलो. ओस्ता नाही हसली. "टोचला नाही तुला?" म्हणाली. अगं, हे मोजे मंडळाचे आहेत, यातून खिळाही टोचायचा नाही.

२ फेब्रुवारी

पर्यटक आले की ओस्ता आणि तिच्या गायनमंडळातल्या बायका धक्क्यावर वॉफल विकतात. आज तिथे मदत केली. साचा अडकला होता, तो मी उचलून बाजूला ठेवला, तर ओस्ता किंचाळली. सगळे लोक वळून बघायला लागले.

"तापलेला आहे तो!"

"असेल," मी म्हटलं. "हे हात इंजिनघरातले आहेत, तुमच्यासारखे लोण्याचे नाहीत." बायका हसल्या. मीही वॉफलवर दुप्पट जॅम घेतला. डॉक्टरनं साखरेच्या गोळ्या दिल्यात त्या मी घेतो, मग जॅम खाल्ला तर कुठे बिघडतं?

एक तक्रार मात्र लिहून ठेवतो. हल्ली कॉफी कोमट मिळते. घरी, बोटीवर, सगळीकडे. पूर्वी कप धरवत नसे. विचारलं तर ओस्ता म्हणते, उकळती आहे. तोंडाला चटका बसतो हे खरं, पण कप गार. नवे कप जाड असणार.

१६ फेब्रुवारी

आज एक नवी बाई आली. इंग्विल तिचं नाव, नुकतीच निवृत्त झाली. अर्धं हेल्लेवोग हिच्या हातावर जन्मलंय, ती सुईण होती. ओस्ताच्या गायनमंडळात गाते. मला वाटलं वॉफलसाठी आली असेल, तर म्हणते, "मला इंजिनघरात यायचंय. बेअरिंग तपासायला शिकायचंय."

"बाई गं," मी म्हटलं, "इथे कुणी बाळंत होत नाही."

"बघू," ती म्हणाली आणि कोट काढून ठेवला.

मी घरी येऊन ओस्ताला सांगितलं, सुईण आता तेलवाली होणार म्हणे, बुडालं सगळं. ओस्ता भांडी पुसत होती. "घे की तिला," म्हणाली. "चांगली आहे ती. कधीतरी कुणाला शिकवलं पाहिजेच ना?" बायका एकमेकींची बाजू घेतात, त्यात नवल नाही.

२ मार्च

सुईणबाईंना आज सगळं समजावून दिलं. समजावताना मलाच मजा आली, म्हणून इथेही लिहितो.

आमच्या इंजिनाला तीन दांडे आहेत. प्रत्येकाचं खालचं टोक क्रँकबरोबर, म्हणजे खालच्या वाकड्या आसाबरोबर, गरागरा फिरतं, आणि त्या टोकाशी बेअरिंग असतं. बेअरिंगच्या आत मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर. वरच्या तेलाच्या डबीतून लोकरीची वात नळीत सोडलेली असते, तिच्यातून थेंब थेंब तेल खाली उतरतं. तेल कमी पडलं की बेअरिंग तापतं, आणि फार तापलं की अस्तर वितळून पसरतं. तसं झालं की इंजिन गेलं. म्हणून बोट चालू असताना तेलवाला खाली उभा राहतो आणि फिरत्या बेअरिंगला हात लावून बघतो. दांड्याच्या चालीबरोबर हात आत न्यायचा, तळहात त्याला चाटू द्यायचा, आणि चालीबरोबरच मागे घ्यायचा. थबकलात तर बोटं गेली. मंडळानं उष्णता मोजायचं एक पिस्तूल आणलंय. तेलानं माखलेल्या फिरत्या लोखंडावर ते दर खेपेला वेगळाच आकडा सांगतं. हालवार ते खिडकीच्या काचेवर रोखून हवामान सांगतो.

आणि खाली कुणी ओरडायचं नाही. युद्धात पाणबुडीचा कानोसा घेताना इंजिनघरात बोलायची बंदी होती, ती सवय आम्ही पाळतो. तेलवाला चीफला बोटांनी सांगतो. एक बोट म्हणजे गार. दोन म्हणजे कोमट, लक्ष ठेव. मूठ म्हणजे ताबडतोब थांबव. मुठीला प्रश्न नाही. कप्तानालाही नाही. का, कसं, किती, काही विचारायचं नाही, आधी वाफ बंद करायची. मी तेलवाला असताना मूठ एकदाच वर केलीय, मिठाच्या काळात.

इंग्विलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सिगुर्ड, डोळे मीट आणि हात पुढे कर. मला तुझा हात बघायचाय." केला. "आता सांग, मी कुठल्या बोटाला हात लावतेय." असले पोरखेळ बायकांना कुठून सुचतात! मी म्हटलं अंगठा. मग म्हटलं मधलं. शेवटी मी डोळे उघडले. तिच्या हातात पेन्सिल होती. "सगळी बरोबर आली का?" मी विचारलं. "तुझे हात फार राबलेले आहेत," ती म्हणाली. कौतुक केलं तर माणूस ऐकून घेतो.

२३ मार्च

सरकारी निरीक्षक येऊन गेला. बोलायला सभ्य, पण जिथे तिथे वाकून बघणारा. बॉयलर पास. पंप पास. इंजिनाशी येऊन तो बराच वेळ उभा राहिला.

"एवढं जुनं इंजिन, वर ऐंशी पाहुणे," तो म्हणाला. "बेअरिंग तापलं तर तुम्हाला कळणार कसं?"

हालवारनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हा आहे ना."

निरीक्षक माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मीही इंजिनाचाच एखादा भाग आहे आणि माझीही तारीख उलटलीय. शेवटी म्हणाला, आठ मेला मी स्वतः बोटीवर येईन. तापलेलं बेअरिंग वेळेत पकडणारं माणूस खाली आहे अशी माझी खात्री पटली तर परवाना पुढे चालू. नाहीतर लोमवीनं धक्क्याला राहावं, म्युझियम म्हणून तीही शोभेलच.

शोभेलच! पुतळे कुठे बसवायचे तेही विचारून घ्यायचं होतं मी. पण एका अर्थानं बरं झालं. पकडणारं माणूस आहेच.

१३ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

आज चाचणी होती. बॉयलर घाईनं पेटवायचा नसतो, गुरुवारपासून हळूहळू गरम केला. दुपारी खाडीत निघालो. सगळं गोड चाललं होतं. मी खाली, हालवार वर वाफ सोडायच्या चाकाशी, इंग्विल शिडीवर बसून बघत होती. मी एकेका बेअरिंगला तळहात लावला. पहिलं, एक बोट. मधलं, एक बोट. तिसरं, एक बोट. पुन्हा पहिल्यापासून. मधल्याला तर मी मुद्दाम दोनदा हात लावला, कारण त्याचा आवाज मला जरा जड वाटला होता. गार होतं. माझी शपथ, गार होतं.

तेवढ्यात इंग्विल उठून उभी राहिली. "जळल्याचा वास येतोय!" मोठ्यानं बोलली, नियम मोडून. हालवारनं वाफ तोडली. मधल्या बेअरिंगमधून निळा धूर येत होता.

ओढून आणलं आम्हाला एका मच्छीमार बोटीनं. अख्ख्या गावानं बघितलं.

उघडून पाहिलं तर अस्तर एका बाजूनं पसरलेलं, कडेला लोण्यासारखं आलेलं. फार नाही, घासून बसवता येईल. पण असं व्हायलाच नको होतं. हे नवं तेल भिकार आहे. हालवारही म्हणाला, "तेलच कमी पडलं असणार. डबी मी भरली होती, चूक माझी." मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून भरत जा. तो बरं म्हणाला. वाद घातला नाही. हालवार वाद घालत नाही म्हणजे त्याची तब्येत बरी नसेल.

१४ एप्रिल

उजव्या तळहातावर मोठा पांढरा फोड आलाय. ओस्तानं जेवताना पाहिला. बहुतेक वाफेच्या नळीला लागला असेल, गडबडीत कळलं नाही. तिनं मलम लावलं आणि खूप वेळ हात तसाच धरून बसली. मी म्हटलं, "अगं, कॉड मासा गार होतोय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कांदा बराच चिरला होता तिनं.

२० एप्रिल

गेला आठवडा बेअरिंग घासण्यात गेला. शाई लावायची, बसवायचं, काढायचं, शाई जिथे उठली तिथे पात्यानं खरवडायचं, पुन्हा बसवायचं. हे काम डोळ्यांचं आहे, आणि माझे डोळे अजून गरुडाचे आहेत. इंग्विल रोज आली. मन लावून करते, बडबड नाही. मी तिला शाबासकी दिली नाही, पण कॉफी दिली.

संध्याकाळी हालवार घरी आला, संत्र्यांची पिशवी घेऊन. ईस्टरला काहीतरी आणायचं म्हणून आणली असेल असं वाटलं. बराच वेळ मासे, नातवंडं, छपराची गळती असं बोलत राहिला. मग म्हणाला, "सिगुर्ड, आम्ही ठरवलंय, यंदा पुष्पचक्र तू सोडायचंस. वर, पुढच्या डेकवर उभा राहून. या बोटीवर नोकरी केलेला जिवंत माणूस तू एकटाच उरलास. लोकांना बरं वाटेल."

"आणि खाली कोण?"

"इंग्विल."

मी त्याला दार दाखवलं. संत्रीही परत दिली. तेल तू कमी भरतोस आणि शिक्षा मला? कोट घालून, हातात हार घेऊन, पुतळ्यासारखा उभा राहू? मला म्युझियम करायला निघालेत हे लोक.

ओस्तानं स्वयंपाकघरातून येऊन कॉफीचे कप उचलले. नंतर म्हणाली, "संत्री तरी ठेवायची होतीस."

२७ एप्रिल

शनिवार. गेलो नाही. खिडकीतून लोमवीची चिमणी दिसते. दिवसभर तिकडे पाठ करून बसलो. शर्टाची बटणं ओस्तालाच लावावी लागली. हल्ली बटणं इतकी बारीक करतात की माणसाची बोटं त्यांना सापडत नाहीत.

२९ एप्रिल

संध्याकाळी ओस्ताबरोबर चर्चमध्ये गायनमंडळाचा कार्यक्रम होता. ती यंदा गात नव्हती, घसा बसलाय, म्हणून माझ्या शेजारी बसली. मी समोर बघत होतो. मनात तेच चाललं होतं, मधलं बेअरिंग, मी दोनदा हात लावला होता, गार होतं.

गाणं संपलं. टाळ्या वाजवायला हात उचलू गेलो तर उचलेना. खाली बघितलं. ओस्ताचा हात माझ्या हातात होता. बोटांत बोटं घालून, घट्ट. तिची बोटं दाबून पांढरी पडली होती.

"कधी धरलास?" मी विचारलं.

"पहिल्या गाण्यापासून," ती म्हणाली.

मी परत समोर बघितलं, आणि हात तिथे नव्हता. खाली बघितलं की होता.

बुटातला नट. वॉफलचा साचा. पेन्सिल. कोमट कॉफी. फोड. सगळं एका पाठोपाठ एक रांगेत आलं. गार होतं म्हणे! अरे गाढवा, बेअरिंग नव्हतं गार.

३० एप्रिल

डॉक्टरकडे गेलो. नसांचं आहे, साखरेमुळे, म्हणाला. गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं सांभाळायचं. जॅम बंद.

रडलो. इथे लिहायला हरकत नाही, वही माझी आहे. साठ वर्षं या हातांवर फुशारकी मारली, आणि ते मला न सांगता निघून गेले. ऐंशी माणसं वर उभी असती आणि मी खाली एक बोट दाखवत राहिलो असतो.

हालवारला सगळं माहीत होतं, हेही आज कळलं. तेल कमी पडलं, चूक माझी, म्हणाला होता तो. डबी काठोकाठ भरलेली होती, मीच तर पाहिली होती. मग दुकानातून संत्री घेतली आणि त्याच्या दाराशी ठेवून आलो.

१ मे

सुट्टी. गावात मोर्चा, बँड, झेंडे. मी इंग्विलच्या घरी गेलो. ती वाफ्यातलं तण काढत होती.

"तू पेन्सिल लावलीस तेव्हाच तुला कळलं होतं," मी म्हटलं.

"हो."

"किती बोटं बरोबर आली होती?"

"एकही नाही."

"मग तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?"

ती उठली, हातांची माती झटकली. "माझ्या धंद्यात एक शिकले. आईला आधी आपणहून कळू द्यावं लागतं. दुसऱ्यानं सांगितलेलं ती ऐकत नाही, आणि तू तर मुळीच ऐकला नसतास."

खोटं नाही. मी म्हटलं, "वर पुष्पचक्र घेऊन मी उभा राहणार नाही. खालीच असेन. हात तुझा, पण चाल मला माहीत आहे. चालेल?"

"न चालायला काय झालं?" ती म्हणाली. मग आत जाऊन तिनं कॉफी आणली. मी कप कानाकडून धरला, दोन्ही हातांनी.

४ मे

धक्क्यालाच बांधून, हळू चालीवर इंजिन फिरवलं. हालवार वर. संत्र्यांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. फक्त वॉफल खाताना त्यानं माझ्या पुढ्यातली जॅमची वाटी उचलून आपल्या पुढ्यात ठेवली.

मी इंग्विलच्या मागे उभा राहिलो आणि तिच्या खांद्यावर थाप देत गेलो. आत, चाट, बाहेर. आत, चाट, बाहेर. पहिल्यांदा ती थबकली आणि मी तिला कॉलर धरून मागे खेचलं. "इथे विचार करायचा नाही," मी म्हटलं, "कळ आली की आई विचार करते का?" मग जमलं. दुपारपर्यंत मी थाप देणं बंद केलं तरी तिचा हात चालीवर जात होता. संध्याकाळी ती म्हणाली, "ही तिन्ही बेअरिंगं वेगवेगळी आहेत. पहिलं जरा खरखरीत लागतं." बरोबर आहे. पन्नास वर्षांपूर्वीही ते तसंच लागायचं. मला आठवलं की ते मला आठवतंय.

८ मे

सगळं नीट लिहितो, कारण उद्या लोक वेगळंच सांगत फिरतील.

हवा स्वच्छ, वारा नाही. ऐंशी पाहुणे, बँड, पाद्री, आणि निरीक्षक. पुष्पचक्र गायनमंडळातल्या सर्वांत वयस्क बाईच्या हातात. आम्ही वेळेवर सुटलो. खाली इंग्विल, तिच्या मागे मी, वर हालवार. निरीक्षक शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहिला, हात मागे बांधून.

खाडीच्या तोंडापर्यंत सगळं छान. एक, एक, एक. हालवार दर वेळी मान हलवायचा. बाहेर पडलो तशी लाट लागली आणि कप्तानानं चाल वाढवली. एक, एक, एक. मग एक, दोन, एक. मधलं. हालवारनं चाल थोडी कमी केली. इंग्विलनं पुन्हा हात घातला, पुन्हा काढला, आणि मूठ वर केली.

हालवारनं तिच्याकडे बघितलं नाही, तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. त्याचा हात चाकावर होता, पण फिरत नव्हता. मला त्याचं सगळं कळत होतं. वर ऐंशी माणसं, शेजारी निरीक्षक, महिन्याभरात दुसऱ्यांदा बोट बंद पडायची, आणि मूठ कुणाची, तर शनिवारी शिकलेल्या बाईची. वास नव्हता. धूर नव्हता. इंजिन गात होतं. मी माझा हात लावून बघितला असता तर तो म्हणाला असता, गार आहे.

मी माझी मूठ वर केली.

हालवारनं वाफ तोडली. दांडे एकदा फिरले, अर्धे फिरले, थांबले. नंतरची शांतता लोमवीवर मी कधी ऐकली नव्हती. लाटा बाहेरून पत्र्याला लागत होत्या तेवढंच.

मुठीला प्रश्न नाही, पण निरीक्षकाला कोण सांगणार. तो खाली उतरला, वाकला, आणि थांबलेल्या बेअरिंगवर त्यानं हात ठेवला. चटकन काढून घेतला. मग वरची तेलाची डबी उघडली. डबी भरलेली होती, पण वात नळीच्या तोंडाशीच वेटोळं होऊन बसली होती, आत उतरलीच नव्हती. "ही कुणी बसवली?" त्यानं विचारलं.

हालवारनं तोंड उघडलं. मला माहीत होतं तो काय म्हणणार आहे. "मी," मीच आधी म्हटलं. "सोमवारी. बोटांना वाटलं होतं आत गेली." आणि हात त्याच्यापुढे धरले. "यांना आता काही कळत नाही. म्हणून ही आहे."

निरीक्षकानं कडेनं अस्तर निरखून बघितलं. जसंच्या तसं. इंग्विलनं नवी वात घातली, तेल खाली उतरू दिलं, बेअरिंग निवायला वेळ दिला.

तेवढ्यात वरून ट्रम्पेट ऐकू आला. वरच्या लोकांना वाटलं, आदरापोटी मुद्दाम इंजिन थांबवलंय! पाद्रीनं प्रार्थना म्हटली, बाईनं पुष्पचक्र सोडलं, सगळे टोप्या काढून उभे राहिले. खडक अजून बरेच लांब होते. नंतर एक आजी हालवारचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या धडधडीत एक शब्द ऐकू यायचा नाही. यंदा किती शोभून दिसलं!" हालवार म्हणाला, "हो, आम्ही ठरवूनच केलं." मी दुसरीकडे तोंड केलं.

धक्क्याला लागल्यावर निरीक्षकानं इंग्विलशी हात मिळवला, मग माझ्याशी. "तापलेलं बेअरिंग वेळेत पकडणारं माणूस हवं होतं," तो म्हणाला. "मिळालं." परवाना पुढे चालू. त्यानं हात दाबला असणार, मी बघत नव्हतो.

मंडळानं ठरवलं, वाती बसवायच्या नाहीत मी. चाल शिकवायची. पुढच्या शनिवारी आणखी दोघं येणार आहेत म्हणे, एक त्यातला बेकरीवाला.

घरी आलो तर ओस्तानं बाहेर बाकावर कॉफी मांडली होती, जॅमशिवाय, तपकिरी चीज घालून वॉफल. समोर लोमवीची चिमणी, अजून थोडी धुरकट. "ते मधलं बेअरिंगच का सारखं रुसतं रे?" तिनं विचारलं. मधलं होतं हे मी अजून तिला सांगितलंच नव्हतं. बायकांना, त्यातून एकाच गायनमंडळातल्या, कसं कळतं कोण जाणे.

मग आम्ही वॉफल संपवले. थोड्या वेळानं मी म्हटलं, "एक काम कर. हात धरलास की मला सांगत जा."

"सांगायचं काय त्यात? बघ की."

बघितलं. धरलेलाच होता. मग चिमणीकडे न बघता तिकडेच बघत बसलो, कॉफी गार होईपर्यंत.